कोल्का दरीला जायचं की नाही? आरेकीपाची तिकिटं काढण्याआधीचा हिशेब

पेरूला निघालेली ओळखीची मंडळी आपले आराखडे माझ्याकडे तपासायला पाठवतात. माचू पिक्चूचे दिवस नीट बसवलेले असतात, लिमातलं जेवण ठरलेलं असतं आणि मधे कुठेतरी एका ओळीत लिहिलेलं असतं: ‘कोल्का कॅन्यन, १ दिवस’. बहुतेक वेळा चूक त्याच ओळीत असते. माणसं पहाटे तीनला गाडीत बसतात, दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागतं, कोंडोर, म्हणजे गिधाडासारखे अवाढव्य पक्षी, पाहायच्या वेळी कुणीतरी पिशवीत तोंड घालून बसलेलं असतं आणि संध्याकाळी सगळे आरेकीपा शहरात परत. दरी पाहिली म्हणायची, पण दिसलेली नसते.

याचं कारण निर्णय उलट्या टोकाने घेतला जातो. आधी कोंडोरचा फोटो आवडतो, मग सहल शोधली जाते आणि उंचीचा विचार शेवटी येतो किंवा येतच नाही. खाली दिलेला क्रम मुद्दाम उलटा आहे. एकेक टप्पा पार करा. एखाद्या टप्प्यावर ‘नाही’ आलं तर तिथेच थांबा, पुढचं वाचायची गरज नाही.

## आधी हा रस्ता डोळ्यांसमोर आणा

आरेकीपा शहर २,३३५ मीटरवर आहे. दरीच्या तोंडाशी असलेलं मुख्य गाव चिवाय ३,६३५ मीटरवर. दोघांमधलं अंतर साधारण १६० किलोमीटर, गाडीने तीन ते साडेतीन तास. नकाशावर हा पुणे-नाशिकपेक्षाही छोटा प्रवास दिसतो. पण मधे पातापाम्पाची खिंड आहे, ४,९१० मीटरवर. कळसूबाईवर कळसूबाई आणि त्यावर आणखी एक कळसूबाई ठेवली, तर साधारण तेवढी उंची होते. तिथल्या श्वासात समुद्रकाठच्या मानाने जेमतेम पंचावन्न टक्के प्राणवायू मिळतो.

चिवायहून दरीच्या डाव्या काठाने रस्ता यांके, माका करत पुढे जातो. वाटेत क्रुस देल कोंदोर हा पक्षी पाहायचा कठडा लागतो आणि शेवटी साधारण ६० किलोमीटरवर काबानाकोंदे, ३,२८७ मीटर. पायी दरीत उतरणाऱ्यांची सुरुवात इथून होते.

एक गोष्ट आत्ताच मनात पक्की करा, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. डोंगरात त्रास झाला की खाली उतरावं, हा नियम सगळीकडे लागू आहे. पण चिवायहून आरेकीपाला ‘खाली’ यायचं तर आधी १,२७५ मीटर ‘वर’ चढून पातापाम्पा ओलांडावी लागते. टिटिकाका सरोवराकाठच्या पुनो शहराकडे जाणारी बसही याच खिंडीतून जाते. म्हणजे कोल्कात रात्री तब्येत बिघडली, तर आरेकीपाच्या मोठ्या रुग्णालयाची वाट आधी आणखी विरळ हवेतून जाते. लेहला त्रास झालेल्या माणसाला विमानात बसवून थेट खाली आणता येतं. इथे तसं नाही.

## टप्पा १: दिवस नव्हे, रात्री मोजा

वहीत आरेकीपाच्या नावासमोर दोन रात्री लिहा. त्यानंतर दरीच्या गावांपैकी एखाद्यात एक रात्र. परतल्यावर पुन्हा आरेकीपात एक रात्र. कोल्का नुसतं काठावरून पाहायचं असेल तरी या चार रात्री लागतात. दरीत उतरायचं असेल तर त्यात एक किंवा दोन मिळवा.

आता पेरूतल्या तुमच्या एकूण मुक्कामातून हे वजा करा. कुस्को आणि माचू पिक्चूला घाई न करता चार ते पाच रात्री लागतात. लिमाच्या दोन. माझं मत स्पष्ट आहे: पेरूत आठ किंवा त्याहून कमी रात्री असतील तर कोल्का सोडा. नऊ ते अकरा असतील तर काठावरून पाहा. बारा आणि त्यापुढे असतील तरच तळात उतरायचा विचार करा.

‘आरेकीपातल्या दोन रात्री कशाला, शहर तर अर्ध्या दिवसात होतं’ असं लोक म्हणतात. त्या रात्री शहर पाहण्यासाठी नाहीत. लिमा समुद्रकाठी आहे. विमान दीड तासात तुम्हाला २,३३५ मीटरवर आणतं आणि शरीराला हे समजायला वेळ लागतो. लेहला उतरल्यावर दोन दिवस लोळून काढायचे, हे आपल्याकडे आता सगळ्यांना माहीत आहे. आरेकीपात श्वास लागत नाही, म्हणून तीच माणसं इथे हा नियम विसरतात.

तपासा: सहलीचा क्रम कोणता आहे? लिमा, आरेकीपा, कोल्का, पुनो, कुस्को असा असेल तर उंची पायरीपायरीने वाढते. आधी कुस्कोत (३,३९९ मीटर) चार-पाच रात्री काढून मग आरेकीपाला येत असाल तर आणखी बरं. शरीराची सवय काही दिवस टिकते, त्यामुळे आरेकीपात एक रात्रही पुरते. सगळ्यात वाईट क्रम म्हणजे लिमाहून सकाळी येऊन दुसऱ्याच पहाटे कोल्का.

इशारा: कोल्काहून परतायच्या संध्याकाळचं विमान घेऊ नका. घाटात एक ट्रक आडवा झाला की पुढचं सगळं कोसळतं. पेरूत आंदोलकांनी रस्ते अडवणंही नवं नाही. डिसेंबर २०२२ ते २०२३ च्या सुरुवातीच्या आंदोलनात दक्षिणेकडचे महामार्ग आठवडेच्या आठवडे बंद पडले होते.

## टप्पा २: तुमची सुट्टी आणि तिथला पाऊस

आपल्या जूनमध्ये तिथे कडक कोरडा हिवाळा असतो आणि आपल्या डिसेंबर-जानेवारीत पावसाळा. हे वाक्य सोपं आहे, तरी दरवर्षी चुकतं. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांची मोठी सुट्टी नाताळात येते आणि पेरूची तिकिटं तेव्हाच काढली जातात.

डिसेंबर ते मार्च पाऊस असतो, जानेवारी-फेब्रुवारीत सर्वाधिक. तेव्हा दरीत ढग भरतात. कठड्यावर उभं राहून पांढऱ्या भिंतीकडे बघत बसावं लागू शकतं. पक्षी दिसण्याची शक्यता घटते, दरड कोसळते आणि तळात उतरायच्या पायवाटा निसरड्या होतात. या दिवसांत फक्त कोंडोरसाठी जाणार असाल तर माझं उत्तर ‘नको’ असं आहे. तळात उतरण्याबद्दल तर अधिकच ठाम ‘नको’.

एप्रिल आणि मे मला सगळ्यात आवडतात. पाऊस थांबलेला, आकाश धुतलेलं आणि पायऱ्यापायऱ्यांची शेतं अजून हिरवी. इंकांच्याही आधीपासून कसली जाणारी ही शेतं पाहायला मी कोंडोरपेक्षा जास्त वेळ थांबते. भारतातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी इथे नेमकी जुळते. जून ते ऑगस्ट आकाश स्वच्छ असतं, पण चिवायची रात्र शून्याखाली जाते आणि बऱ्याच साध्या निवासांत खोली गरम करायची सोय नसते. २८ आणि २९ जुलैला पेरूचा राष्ट्रीय सण असतो, तेव्हा आधी आरक्षण नसेल तर जाऊ नका. दिवाळीच्या सुट्टीत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, हवा कोरडी पण डोंगर तपकिरी असतात. दरी तेव्हाही चांगली दिसते.

आणखी एक नजर साबानकाया ज्वालामुखीवर ठेवा. दरीच्या दक्षिणेला ५,९७६ मीटरचा हा डोंगर नोव्हेंबर २०१६ पासून राख ओकतो आहे. बहुतेक दिवस तो लांबून धुराचा फुगा सोडताना दिसतो, एवढंच. वारा दरीकडे असेल तर मात्र राख खाली येते. घरात कुणाला दमा असेल तर निघायच्या आदल्या दिवशी निवासाच्या मालकाला फोन करून विचारा.

## टप्पा ३: कोण येणार आहे, त्यांची नावं लिहा

‘आम्ही सगळे फिट आहोत’ हे उत्तर पुरेसं नाही. मॅरेथॉन धावणाऱ्यालाही उंचीचा त्रास होतो आणि रोज देवळापर्यंत चालणाऱ्या आजींना कधीकधी काहीच होत नाही. कुणाला होईल हे तंदुरुस्तीवरून सांगता येत नाही. पूर्वी उंचीवर त्रास झाला होता का, हा त्यातल्या त्यात उपयोगी प्रश्न. लेह, स्पिती, नथुला, मानसरोवर, जिथे कुठे गेला असाल तिथली पहिली रात्र आठवा.

प्रत्येक नावापुढे पुढच्या गोष्टी तपासा आणि एकही ‘हो’ असेल तर डॉक्टरांना भेटल्याशिवाय तिकीट काढू नका: हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, बऱ्यापैकी रक्तक्षय, गरोदरपण, झोपेत श्वास अडण्याचा विकार.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल वेगळं सांगते, कारण प्रवासाच्या लेखांत ते सहसा नसतं. विदर्भ, नंदुरबार, पालघर या भागांतल्या अनेक कुटुंबांत सिकलसेल आहे. ज्याला आजार आहे त्याने इतक्या उंचीवर जाऊच नये. जो फक्त वाहक आहे, ज्याला आयुष्यात कधी काही झालेलं नाही, त्यालाही विरळ हवेत प्लीहेला इजा होऊन डाव्या बरगडीखाली असह्य दुखू शकतं. घरात कुणाला सिकलसेल असेल आणि तुमची तपासणी झालेली नसेल, तर ती जायच्या आधी करून घ्या.

लहान मुलांबाबत माझा नियम: जे मूल ‘माझं डोकं दुखतंय’ हे स्वतःहून सांगू शकत नाही, त्याला रात्री मुक्कामाला चिवायला नेऊ नये. बाळ रडतंय ते भुकेने, थंडीने की उंचीने, हे तिथे रात्री दोन वाजता ओळखता येत नाही.

औषधाचं: अ‍ॅसिटाझोलामाइड ही गोळी उंचीची सवय व्हायला मदत करते आणि ती चढायच्या आदल्या दिवशी सुरू करतात. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. मात्रा त्यांनीच ठरवावी. ओळखीच्याने दिलेली अर्धी पट्टी खिशात टाकून निघू नका.

इशारा: कोकाच्या पानांचा चहा तिथे सगळीकडे मिळतो आणि पेरूत तो कायदेशीर आहे. पण त्यानंतर काही दिवस अमली पदार्थांच्या चाचणीत कोकेनचा अंश दिसू शकतो. नोकरीत अशी चाचणी होत असेल तर ‘मुन्या’ नावाच्या पुदिन्यासारख्या वनस्पतीचा चहा मागा. पानं किंवा चहाच्या पुड्या भारतात किंवा अमेरिकेत आणू नका, दोन्हीकडे तो गुन्हा आहे.

## टप्पा ४: काठावरून की तळापर्यंत

इथपर्यंत सगळीकडे ‘हो’ असेल तर आता प्रकार निवडा. कोल्काचे प्रकार तीन.

पहाटे तीनची एकदिवसीय सहल. ही आरेकीपातल्या प्रत्येक कोपऱ्यावर विकली जाते आणि सगळ्यात स्वस्त असते. सुमारे पंधरा तासांत ४,९१० मीटरची खिंड दोनदा ओलांडायची, जाऊन-येऊन नऊएक तास गाडीत बसायचं आणि दरीसमोर मिळतो एखाद-दीड तास. खिंड पहिल्यांदा ओलांडता तेव्हा तुम्ही अर्धवट झोपेत असता, पोट रिकामं असतं आणि बाहेर अंधार. मोठ्या बहिणीच्या कुटुंबाबरोबर मी एकदा अशी गेले, तेव्हा गाडीतल्या चौदा जणांपैकी कठड्यापाशी पाच जण गाडीतून खाली उतरलेच नाहीत. भाची त्यातली एक होती. याचं समर्थन मी कुणापाशी करत नाही. या सहलीच्या बाजूने एकच मुद्दा आहे: उंचीवर झोपायचं नसल्याने, आधीच कुस्कोत राहून आलेल्या माणसाला ती झेपू शकते. बाकीच्यांनी एकच दिवस असेल तर आरेकीपात राहावं.

दोन दिवस, एक रात्र, काठावरून. बहुतेकांसाठी हाच योग्य. सकाळी आठच्या सुमारास निघायचं, वाटेत पठारावर विकुन्या (लामाच्या कुळातले जंगली प्राणी) चरताना दिसतात, पातापाम्पा दुपारच्या उन्हात, पोट भरलेलं असताना ओलांडली जाते. मुक्काम चिवाय किंवा यांके. यांके चिवायपेक्षा खाली आणि शांत आहे, म्हणून मी तेच सुचवते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत क्रुस देल कोंदोर. ऊन कातळावर पडून गरम हवा वर चढू लागली की साधारण आठ ते दहाच्या दरम्यान पक्षी तिच्यावर तरंगत खालून वर येतात. तीन मीटरहून रुंद पंख असलेला हा जड पक्षी पंख मारून फार वेळ उडू शकत नाही, तो वर नेणाऱ्या हवेची वाट बघतो. त्यामुळे घाई करून सहाला पोहोचण्यात अर्थ नाही आणि अकराला पोहोचण्यात तर मुळीच नाही.

तळापर्यंत पायी. काबानाकोंदेहून सांगाये नावाच्या हिरवळीवर उतरायचं, रात्री तिथे राहायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वर यायचं. तीन दिवस असतील तर सान हुआन दे चुक्चो, मालाता अशा पलीकडच्या गावांतून वळसा घालून. चढ साधारण १,१०० मीटरचा. आतकरवाडीतून सिंहगड चढायचा, खाली न उतरता तिथूनच आणखी एक सिंहगड चढायचा आणि हे सगळं संपवायचं ३,२८७ मीटरवर, असं समजा. सवय असलेल्याला तीन तास लागतात, इतरांना चार-पाच.

लोक चढाला घाबरतात. मी उतरणीला घाबरा असं सांगते. सैल मुरमाची वाट, सतत घसरता पाय आणि तीन-चार तास गुडघ्यांवर भार. सह्याद्रीत हरिश्चंद्रगड किंवा राजगड उतरताना ज्यांचे गुडघे बोलतात, त्यांनी इथे उतरू नये. खाली पोहोचल्यावर गाडी मिळत नाही. खेचर मिळतं, पण ते आदल्या संध्याकाळी ठरवावं लागतं आणि खेचरावरून कड्याच्या कडेने वर येणं सगळ्यांच्या जिवाला मानवत नाही.

या प्रकाराचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. सांगायेची उंची २,२०० मीटरच्या आसपास, म्हणजे आरेकीपाइतकीच. झोप छान लागते. ज्याचे पाय चांगले पण उंचीवर झोप उडते, त्याला चिवायपेक्षा दरीचा तळ मानवतो.

तपासा: कोणत्या अपेक्षेने जाता आहात? कोल्काची खोली ३,२७० मीटर सांगितली जाते, अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या दीड पटीहून जास्त. हा आकडा खरा आहे, पण तो उंच बाजूच्या डोंगरमाथ्यापासून मोजलेला आहे. क्रुस देल कोंदोरच्या कठड्यावरून नदी साधारण १,२०० मीटर खाली दिसते. ग्रँड कॅन्यनसारख्या लाल उभ्या भिंती आणि पलीकडचा सपाट काठ इथे नाही. इथे उतार आहेत, शेतं आहेत, गावं आहेत, वर बर्फाचे डोंगर आहेत. लाल भिंती पाहायच्या असतील तर अ‍ॅरिझोनाला जा.

## टप्पा ५: पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न

सहल विकणाऱ्याला नुसतं ‘चांगली आहे का’ विचारू नका. हे विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

१. दरीत शिरायचं बोलेतो तुरिस्तिको, म्हणजे प्रवेशपत्र, किमतीत आहे का? बहुतेकदा नसतं आणि परदेशी माणसासाठी ते स्थानिकांपेक्षा बरंच महाग असतं. वाटेवर रोख द्यावं लागतं आणि पुढे तपासणी होते, म्हणून टाकून देऊ नका.

२. गाडीत ऑक्सिजनचं नळकांडं आहे का, आणि ते भरलेलं आहे हे मला निघताना दाखवाल का?

३. मुक्काम कोणत्या गावात? ‘कोल्का व्हॅली’ हे उत्तर नव्हे.

४. दुसऱ्या दिवशी पुनोला सोडता का? पुनोला जायचं असेल तर आरेकीपाला परत येण्यात एक दिवस वाया जातो.

५. तळात उतरणार असाल तर वाटाड्या किती माणसांमागे एक?

सार्वजनिक बसनेही जाता येतं. आरेकीपाहून काबानाकोंदेला पाच ते सहा तास लागतात. स्पॅनिशची चार वाक्यं येत असतील आणि आरेकीपात दोन रात्री झाल्या असतील तर मला हा मार्ग सहलीपेक्षा आवडतो, कारण थांबणं आपल्या हातात राहतं. रात्रीची बस मात्र घेऊ नका.

विम्याच्या कागदात उंचीची मर्यादा शोधा. बऱ्याच प्रवास विम्यांत ठरावीक मीटरच्या वर चालत जाणं वगळलेलं असतं आणि ते बारीक अक्षरात असतं. भारतात परतणार असाल तर पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र सोबत ठेवा. पेरूहून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याला ते नसेल तर विलगीकरणात ठेवतात, आणि लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते.

## टप्पा ६: पिशवीत काय, पोटात काय

रोख सोल (पेरूचं चलन) आरेकीपातच काढा, सुटे करून. कपडे थरांचे घ्या: एकाच दिवसात पहाटेची शून्याखालची थंडी आणि तळात उतरलात तर दुपारी तीस अंशांच्या आसपासचं ऊन, दोन्ही भेटतात. टोपी, गॉगल, ओठांचं मलम हवंच, या उंचीवरचं ऊन ढगाळ दिवशीही भाजतं. माणशी दोन-तीन लिटर पाणी. टॉर्च.

शाकाहारी मंडळींची अडचण खरी आहे. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाविना, एवढंच सांगितलं तर कोंबडी येऊ शकते. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असं तिन्ही म्हणा. किन्वाचं सूप शाकाहारी वाटतं, पण त्याचं पाणी बऱ्याचदा मांसाचं असतं. ‘काल्दो दे कार्ने?’ असं विचारून घ्या. बटाटे, मका, ओल्या शेंगदाण्याएवढ्या जाड शेंगांचे दाणे आणि गावचं चीज सर्वत्र मिळतं आणि ते छान असतं. घरून तयार उपम्याची पाकिटं नेलीत तर एक लक्षात ठेवा: चिवायच्या उंचीवर पाणी सुमारे ८८ अंशांलाच उकळतं. पाकिटावर पाच मिनिटं लिहिलं असेल तर दहा मिनिटं झाकून ठेवा.

पहिल्या संध्याकाळी हलकं जेवा, दारू नको, झोपेची गोळी तर अजिबात नको, ती श्वास आणखी मंद करते. चिवायजवळच्या ला कालेरा इथल्या गरम पाण्याच्या कुंडात सहलवाले त्याच संध्याकाळी नेतात. डोकं दुखत असेल तर बाहेर बसा. नसेल तरी पंधरा-वीस मिनिटांत बाहेर या आणि सावकाश उभे राहा.

## टप्पा ७: आरेकीपातली शेवटची संध्याकाळ

अंतिम ‘हो’ किंवा ‘नाही’ इथे ठरतं. पैसे भरले आहेत म्हणून नव्हे. संध्याकाळी सहाला सगळ्यांना समोर बसवा आणि प्रत्येकाला एकेकट्याने विचारा: डोकं दुखतंय का? जेवण गेलं का? काल रात्री झोप लागली का? पोट बिघडलंय का?

आपल्या घरांत आई-वडील ‘मला काही नाही, तुम्ही जा’ किंवा ‘एवढे पैसे भरलेत, येतो मी’ म्हणतात. म्हणून सगळ्यांदेखत विचारायचं नाही. बाबांना बाजूला घ्या, ‘जिना चढताना काल थांबलात का?’ असं विचारा. २,३३५ मीटरवर ज्याचं डोकं दुखतंय, त्याला दुसऱ्या दिवशी ४,९१० मीटरवर नेऊ नये. आणखी एक दिवस थांबा, किंवा त्या माणसासोबत एकाने आरेकीपात राहावं. सर्दी-खोकला, ताप, जुलाब यांतलं काही असेल तरीही तेच.

इशारा: सहल रद्द करून ‘मग निदान सालिनास सरोवर पाहून येऊ’ असं कुणी सुचवेल. ते ४,३०० मीटरच्या आसपास आहे. उंचीमुळे कोल्का सोडलं असेल तर तिथेही जायचं नाही. आरेकीपाजवळच्या पांढऱ्या सिय्यार दगडाच्या खाणी शहराच्या आसपासच्याच उंचीवर आहेत, त्या पाहा.

## टप्पा ८: वर गेल्यावर परत फिरायचं कधी

पातापाम्पावर गाडी फोटोसाठी थांबते. दहा मिनिटांच्या वर बाहेर राहू नका, पळू नका, दगड रचायला वाकू नका. हलकं डोकं दुखणं बहुतेकांना होतं आणि चिवायला उतरल्यावर कमी होतं.

चिवायला दोन तास झाले तरी डोकेदुखी वाढतच असेल आणि उलटी होत असेल, तर त्या माणसाची सहल तिथे संपली. पुढे कठड्यावर नेऊ नका. ऑक्सिजन द्या, गावातल्या आरोग्य केंद्रात दाखवा. सौम्य त्रास असेल तर काबानाकोंदेकडे, म्हणजे खालच्या गावी मुक्काम हलवणं हा एक पर्याय असतो, आणि तो खिंड न ओलांडता मिळतो.

ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघायची नाही: बसल्या जागी धाप लागणं, सतत खोकला किंवा छातीत घरघर, ओठ निळे पडणं, सरळ रेषेत चालता न येणं, बोलण्यात गोंधळ. त्याला जमिनीवरच्या फरशीच्या रेषेवर टाचेला पंजा लावत दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला तर हे साधं थकणं नाही. लगेच आरोग्य केंद्र, ऑक्सिजन चालू ठेवूनच पुढचा प्रवास, आणि खिंडीतून न्यायचं तर डॉक्टरांनी सांगितल्यावर. रुग्णाला एकटं झोपू देऊ नका.

तळात उतरणाऱ्यांसाठी परत फिरायची वेळ घड्याळावर ठेवा. काबानाकोंदेहून सकाळी दहाच्या आत उतरायला लागला नसाल तर त्या दिवशी उतरू नका, उन्हात आणि मग अंधारात सापडाल. पहिल्या तासात गुडघा दुखू लागला तर तिथूनच वर या. त्या वेळी चढायचे तीनशे मीटर असतात, तळाशी पोहोचल्यावर अकराशे. परतीच्या पहाटे पाचच्या आसपास चढ सुरू करा, म्हणजे ऊन वाटेवर येण्याआधी निम्मं अंतर कापून होतं. आदल्या रात्री पाऊस पडला असेल तर उजाडेपर्यंत थांबा. वरून सुटलेले दगड अंधारात दिसत नाहीत. पाऊस होऊन गेल्यावर सकाळची बस चुकली तर चुकू द्या, काबानाकोंदेहून दिवसात पुढची मिळते.